काकू, काका आणि नऊ नंबरची चप्पल: विनोदी रहस्यकादंबरी पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीचं हस्तलिखित मी आत्याला वाचायला दिलं होतं. बेचाळिसाव्या पानाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिलं, "डॉक्टरच असणार." डॉक्टरच होता. पुढची दोनशे पानं ती नुसती ऱ्हस्व-दीर्घ तपासत गेली. ते बाड अजून माळ्यावर आहे. त्यानंतर जे काही शिकले ते नव्याने लिहू पाहणाऱ्यांसाठी इथे मांडते आहे. विषय एकच घेतला आहे: नवरा गेला, कसा गेला ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून बायकोच शोधायला निघते; आणि हे सगळं वाचताना हसू यायला हवं.

उदाहरणाला एक गोष्ट घेऊ. गाव वाई, महिना आषाढ, कृष्णेला पाणी चढलेलं. काका सहासष्ट वर्षांचे, एका पतसंस्थेचे मानद सचिव. गुरुवारी रात्री ते घरी आले नाहीत. शुक्रवारी सकाळी शिपायाला पतसंस्थेच्या जिन्याखाली सापडले. डोक्याला मार, जिना ओला, "पाय घसरला" असं सगळ्यांचं मत. फक्त पायातल्या चपला त्यांच्या नव्हत्या. काका, काकू आणि पतसंस्था तिन्ही काल्पनिक. वाई मात्र खरी आहे, आणि खरं गाव घेतलंत तर एकदा तिथे जाऊन यावंच लागतं, निदान घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली जातात ते बघायला.

पहिली पायरी: मृत्यू नीट घडवा

नवशिके इथेच घसरतात. खून कुणी केला हे ठरवतात, पण त्यानंतर प्रेताचं काय झालं हे ठरवत नाहीत. आपल्याकडे हिंदू घरात माणूस गेला की काही तासांत अग्नी दिला जातो. घरच्या डॉक्टरांनी "हृदयविकार" लिहून दिलं आणि दहन झालं, तर शरीराचा पुरावा संपला. परदेशी कथांमध्ये थडगं उकरतात तशी सोय तुम्हाला नाही. तेव्हा सुरुवातीलाच ठरवा: शवविच्छेदन झालं की नाही?

नाही झालं, तर काकूच्या हातात फक्त वस्तू, कागद आणि माणसांची तोंडं उरतात. तशीही चांगली कादंबरी होते, पण अवघड आहे. पहिल्या खेपेला शवविच्छेदन होऊ द्या. घराबाहेर, जिन्याखाली, एकटा माणूस मेलेला सापडला की पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होतेच. पोलीस तिला "एडी" म्हणतात. मग पंचांसमोर पंचनामा, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन, आणि शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात. तो व्हिसेरा सरकारी प्रयोगशाळेत जाईल आणि अहवाल यायला महिने लागतील. लेखकाला हे वरदानच आहे. काका पिऊन पडले अशी गावात कुजबुज आहे, काकूला ती खोटी असल्याची खात्री आहे, आणि ज्या कागदाने ती खोटी ठरेल तो कुठल्या तरी टेबलावर पडून आहे.

वेळेचं भान ठेवा. प्रेत ताठरायला दोन-चार तासांत सुरुवात होते, पूर्ण ताठरायला साधारण बारा तास लागतात, आणि हवामानाप्रमाणे हे पुढेमागे होतं. "मृत्यू रात्री नऊ वाजून सात मिनिटांनी" असं कुठलाही डॉक्टर लिहून देत नाही. तो काही तासांचा पट्टा देतो. त्या पट्ट्यात कोण कुठे होतं हे जुळवणं हेच तुमचं काम.

सालही ठरवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. खुनाचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं १७४ होतं, ते नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं. कागदावर नवे आकडे येऊ द्या. लोकांच्या तोंडी मात्र अजून "तीनशे दोन लागेल" हेच आहे, आणि काकूच्या तोंडीही तेच शोभेल.

दुसरी पायरी: काकूला कामाला लावणारं कारण द्या

"मला सत्य हवं आहे" एवढ्यावर अडीचशे पानं चालत नाहीत. काकूला घर आहे, गुडघे आहेत, गॅसचा नंबर लावायचा आहे. ती बाहेर पडेल ती नाइलाज झाला तरच.

आमच्या गोष्टीत तो नाइलाज सहकार कायद्यातून येतो. पतसंस्थेत सोनेतारण कर्जांचा घोळ निघतो. तिजोरीतल्या पाकिटांत सोन्याऐवजी एक ग्रॅमचे दागिने आहेत. संचालक मंडळ एकमुखाने म्हणतं, व्यवहार सचिवांकडे होते. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, त्यामुळे सगळ्यांची सोय होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ८३ चौकशीचं आणि कलम ८८ नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याचं. या ८८ मध्ये अशी मेख आहे की जबाबदार माणूस मयत असेल तर त्याची मालमत्ता ज्या वारसाकडे गेली त्याला म्हणणं मांडायला बोलावतात. म्हणजे काका गेल्यावर नोटीस येणार काकूच्या दारात. आता तिला जिन्याकडे बघावंच लागेल.

वारसाहक्क कायदाही एकदा वाचून ठेवा, कारण त्यात विनोदाची खाण आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलं, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. आईलाही! म्हणजे एकोणनव्वद वर्षांच्या सासूबाई आणि काकू एकाच पायरीवर. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांच्या आवाजात जो फरक पडेल, त्यावर एक आख्खं प्रकरण उभं राहतं. आणि कलम २५ विसरू नका: खून करणाऱ्याला, खुनाला साथ देणाऱ्याला, मेलेल्याची मालमत्ता मिळत नाही. पुतण्यावर संशय घेताना काकू हे कलम पाठ म्हणून दाखवू शकते.

तिसरी पायरी: तेरा दिवस वाया घालवू नका

मराठी लेखकाला मिळालेली ही सगळ्यात मोठी सवलत आहे आणि नव्वद टक्के नवशिके ती फुकट घालवतात. (नव्वद हा आकडा माझ्या रागाचा आहे.) ते लगेच काकूला रिक्षात बसवून चौकशीला पाठवतात. अहो, तिला कुठे जायची गरजच नाही. सुतक आहे, लोकच भेटायला येणार. एकेक संशयित आपल्या पायाने येऊन तिच्यासमोर सतरंजीवर बसणार, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून काकांशी शेवटची भेट कधी झाली ते आपणहून सांगणार. "परवाच तर भेटले होते हो, काही म्हणजे काही वाटलं नाही." परवा म्हणजे कधी? किती वाजता? रडणारी बाई हे प्रश्न विचारते तेव्हा कुणाला चौकशीचा वास येत नाही.

दिवसांची रचना आयती आहे. दहाव्याला घाटावर पिंड ठेवायचा आणि कावळा शिवायची वाट बघायची. वाईच्या गणपती घाटावर छत्र्या धरून पंचवीस माणसं उभी, कावळा येत नाही, गुरुजी घड्याळ बघताहेत, आणि प्रत्येकजण काकांची राहिलेली इच्छा काय असेल याचा तर्क लढवतोय. "नातवाची मुंज करीन म्हणा." कावळा नाही. "पतसंस्थेत तुमचा फोटो लावू म्हणावं." कावळा आणखी मागे सरकतो. आता विचार करा, काकू पुढे होऊन काय बोलेल? इथे तुम्हाला पंचवीस चेहरे एकत्र मिळतात, आणि ती काय बोलते त्यावर कुणाचा चेहरा बदलतो ते टिपता येतं. शेवटी दर्भाचा कावळा करतातच, तेव्हा प्रसंग कुठे थांबवायचा हेही परंपरेने ठरवून दिलं आहे.

पतसंस्थेतला पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा माणूस, हे पात्र मी कधीच सोडणार नाही. तो रोज घरोघर जातो, कुणाच्या घरी कुणाच्या चपला असतात ते त्याला ठाऊक असतं, आणि त्याच्याकडे रोजची तारखेनिशी नोंद असते.

चौथी पायरी: कशावर हसायचं

काकूच्या वैधव्यावर नाही. हे नियम म्हणून सांगत नाही, कामाची गोष्ट म्हणून सांगते. तिचं दुःख वाचकाला खरं वाटलं नाही तर खून कुणी केला याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही. दर तीस-चाळीस पानांनी एक जागा अशी हवी की जिथे कुणीही विनोद करत नाही. चहा टाकताना तिने दोन कप पाणी घेतलं, एवढं पुरतं. त्यावर भाष्य करू नका.

हसायचं ते भोवतीच्या मंडळींवर. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तुमची कादंबरी त्यानंतर घडत असेल, तर मंगळसूत्राचं काय करायचं यावर काकूच्या दिवाणखान्यात दोन नणंदांचं आणि एका निवृत्त मुख्याध्यापकाचं जे भांडण होईल, त्यात काकूला कुणीच काही विचारत नाही, हा विनोद आहे. ती आत उठून जाते आणि फोनवर पिग्मीवाल्याला बोलावते.

याच प्रथेचा तपासाशी थेट संबंधही जोडता येतो. गावातली निम्मी माहिती हळदीकुंकवात फिरते. संक्रांत आली आणि काकूला बोलावणं आलं नाही, तर तिला वाईट वाटेलच, पण तिची बातम्यांची वाटही बंद होते. मग आत कुणाला पाठवायचं? जाऊबाईंना? त्या वाणाच्या डब्या मोजत बसतील आणि नेमकं ऐकायचं ते विसरून येतील. लिहा तो प्रसंग.

शाळेत विनोदाचे प्रकार शिकवतात: शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ. कोट्या दहा पानं पुरतात. प्रसंग एक प्रकरण ओढतात. अडीचशे पानं ओढतो तो स्वभाव. म्हणून प्रत्येक संशयिताला एक खोड द्या, आणि ती खोड तपासाच्या आड किंवा मदतीला आली पाहिजे. चेअरमनला प्रत्येक वाक्य "ठराव सर्वानुमते" या चालीवर संपवायची सवय असेल, तर ज्या दिवशी तो तसं संपवणार नाही त्या दिवशी काकूचे कान टवकारतील.

पाचवी पायरी: सुगावा हसण्याखाली पुरा

या प्रकारच्या लेखनाचं मर्म मला विचाराल तर इथे आहे. गंभीर रहस्यकथेत सुगावा लपवायला गर्दी करावी लागते: दहा वस्तूंची यादी द्यायची आणि सातवी खरी. विनोदी कथेत याहून सोपा मार्ग आहे. वाचक हसला की त्याला वाटतं, या वाक्याचं काम झालं. तो पुढे जातो. खरा सुगावा तिथेच ठेवायचा.

आमच्या चपलांचं बघा. भेटायला आलेल्यांपैकी एक संचालक लंगडत येतात. काकूची नणंद हळहळते, "दुःखाने पाय उचलत नाहीये बिचाऱ्यांचा." पुतण्या आतून पुटपुटतो, "नवीन चप्पल चावत असेल." वाचक पुतण्याच्या आगाऊपणावर हसतो. पण चप्पल खरंच नवीन आहे, आणि जुनी कुठे गेली हा सगळ्या कादंबरीचा प्रश्न आहे. शंभर पानांनंतर काकू दारातल्या चपलांच्या ढिगाकडे बघत उभी राहते तेव्हा वाचकाने मागे जाऊन ते पान शोधलं पाहिजे.

तोच सुगावा दुसऱ्यांदा कोरड्या भाषेत द्या. पंचनाम्याची भाषा त्यासाठी उत्तम: "मयताचे पायात तपकिरी रंगाची, अंगठा असलेली, जुनी वापरती चप्पल, नऊ नंबर." काकांचा नंबर सात. पंचनामा काकूच्या हाती येतो कसा? उगाच कुणा हवालदाराला दया येते असं लिहू नका. काकांच्या बँक खात्यातून दरवर्षी वीस रुपये कापले जात होते, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. त्यावरून ते दरवर्षी बँकेत भांडून येत. आता त्याच वीस रुपयांवर अपघाती मृत्यूचे दोन लाख मिळायचे आहेत, आणि त्या दाव्याला पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. म्हणून ती प्रत मागते, चष्मा लावते, आणि नऊ या आकड्यावर थांबते. सुगावा असा कामाच्या ओघात हाती लागला की खरा वाटतो. दैवयोगाने पुस्तकातून चिठ्ठी पडली, असं एकदाच चालतं, आणि तेही पहिल्या पन्नास पानांत.

१९२९ साली इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने, तो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, या प्रकारासाठी दहा नियम घालून दिले. पहिलाच असा की गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे. बाकीचे नऊ हवे तर मोडा, पण हा मोडू नका. दोनशेव्या पानावर अमेरिकेहून आलेला चुलत भाऊ खुनी निघाला तर वाचक पुस्तक नाही, तुम्हाला फेकून मारेल.

सहावी पायरी: पोलीस

मूर्ख हवालदार हे पात्र आता बंद करा. झिजलं आहे ते. ठाण्यात खरोखर काय असतं? माणसं कमी, बंदोबस्त जास्त. आषाढात वारीचा बंदोबस्त, मग गणपती, मग निवडणूक. तुमचा तपासी अंमलदार हुशार असू द्या, पण दमलेला. काकूने चपलेचं सांगितल्यावर त्याला ते पटतंही, पण त्याची उद्या पहाटे चारला ड्युटी आहे. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक हा क्रम पाठ करा. उपनिरीक्षकाला "इन्स्पेक्टरसाहेब" म्हणणारं पात्र चालेल, लेखक चालणार नाही.

त्यांच्या कागदी मराठीचा मनमुराद वापर करा. "सदर", "नमूद", "मयत इसम", "खबर देणार". पस्तीस वर्षं ज्याला "अहो" म्हटलं तो "सदर इसम" झालेला बघणं, यात हसू आणि हुंदका एकाच शब्दात येतात. अशा जागा शोधून मिळत नाहीत, खरे कागद वाचले तरच दिसतात. ओळखीचा वकील गाठा आणि जुन्या खटल्यांचे निकाल मागून घ्या.

सातवी पायरी: मधली शंभर पानं

बहुतेक हस्तलिखितं इथे मरतात. खून झाला, संशयित भेटले, शेवट माहीत आहे, पण मध्ये काय? उत्तर असं की मध्ये काका. मारेकरी कोण हा प्रश्न वाचकाला पुढे ओढतो, पण काकूला रात्री जागं ठेवणारा प्रश्न वेगळा आहे: मी पस्तीस वर्षं कुणाबरोबर राहिले?

सगळे नवशिके इथे दुसरी बाई आणतात. मीही माळ्यावरच्या बाडात आणली होती. नका आणू. वाचक तिची वाटच बघत असतो. त्यापेक्षा लहान गुपित शोधा. काकांचा गुरुवारचा कडक उपवास. घरात साबुदाणा, वरी, कधी नुसतं ताक. आणि गावातल्या एका हॉटेलच्या उधारीच्या वहीत काकूला सापडतं: गेली अकरा वर्षं, दर गुरुवारी, संध्याकाळी, एक मिसळ, दोन जादा पाव. खुनाच्या बातमीने जी बाई ताठ उभी राहिली ती या वहीपुढे खुर्चीत बसते. अकरा वर्षं ती त्यांच्यासाठी भगर निवडत होती! याच वहीत शेवटच्या गुरुवारची वेळही आहे, आणि त्यामुळे चेअरमनचं "साडेसातला मीटिंग संपली, सगळे एकत्रच बाहेर पडलो" हे वाक्य कोसळतं. गुपिताने माणूसही उलगडावा आणि तपासही पुढे सरकावा. नुसतं एकच होत असेल तर ते गुपित बदला.

या भागासाठी एक तक्ता करा. भिंतीवर, वहीत, कुठेही. वर तारखा, खाली तीन रांगा: खरोखर काय घडलं, काकूला काय कळलं, वाचकाला काय कळलं. पहिली रांग शेवटाकडून सुरुवातीकडे भरा. त्या रात्री जिन्यात काय झालं इथून मागे या: पाकिटं बदलली कुणी, काकांना कळलं कधी, घाईत कुणी कुणाच्या चपलेत पाय घातला. हे झाल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायला बसू नका. मी बसले होते, म्हणून डॉक्टर बेचाळिसाव्या पानावर सापडला.

किरकोळ पण गरजेचं

युनिकोडमध्येच टाइप करा. प्रकाशक नंतर त्यांच्या फॉन्टमध्ये बदलून घेतील. एकदम कादंबरी झेपत नसेल तर काकूची एक दीर्घकथा लिहून दिवाळी अंकाला पाठवा. त्यासाठी उन्हाळ्यातच तयारीला लागा, गणपतीत अंक भरत आलेले असतात. गावातल्या खऱ्या पतसंस्थेचं, खऱ्या संचालकाचं नाव किंवा ओळखू येईल अशी खूण चुकूनही घालू नका. लहान गावात चपलेचा नंबरसुद्धा ओळखीचा असतो.

आणि पहिला खर्डा झाला की तो अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमचं कौतुक करायची सवय नाही. त्याला दोनच खुणा करायला सांगा: हसू आलं तिथे टिंब, मागचं पान उलटून बघितलं तिथे फुली. टिंब आणि फुली एकाच पानावर कुठे पडतात ते पाहा. आत्याला मी नवीन खर्डा दिला तेव्हा लंगडणाऱ्या संचालकांच्या पानावर नुसतं टिंब होतं. फुली पडली ती एकशे एकतिसाव्या पानावर, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, "थांब, त्या चपला कुणाच्या?"